झोप ही चैन नव्हे, कार्यकर्त्यांनो!

१४ एप्रिल जवळ आली, की ग्रंथालयांत, वसतिगृहांत, महाविद्यालयांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना दिलेली ती खरीखुरी मानवंदना आहे. मीही त्या उपक्रमात बसलेलो आहे. पण या १८ तासांतून आमच्या कार्यकर्त्यांनी एक भलताच धडा घेतला. जो झोपत नाही तो मोठा कार्यकर्ता! रात्री बारापर्यंत बैठक, एकपर्यंत नाक्यावर चर्चा, त्यानंतर अंथरुणात मोबाईल आणि सकाळी पुन्हा कोर्ट, कचेरी नाहीतर कारखाना. 'मला चार तास झोप पुरते' असे छाती काढून सांगणारे अनेक जण मला ठाऊक आहेत. त्यातल्या काहींना पन्नाशीच्या आत रक्तदाब आणि साखर लागली. काही जण झोप यावी म्हणून रोज क्वार्टर घेतात, आणि तेच सकाळी विहारात पंचशील म्हणतात. हे उघडपणे कुणी बोलत नाही, म्हणून आज बोलतो.

बाबासाहेबांचे जागरण हा हौसेचा मामला नव्हता. घटनेचे काम चालू असताना, १९४८ च्या सुरुवातीला, पायांच्या दुखण्याने त्यांना रात्र रात्र झोप येत नव्हती. मधुमेह होताच. त्या न झोपलेल्या रात्रींची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. आणि ५ डिसेंबर १९५६ ची ती रात्र आठवा. दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या बंगल्यात नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत होते, डोक्याला तेल लावत होते. बाबासाहेब डोळे मिटून बुद्धवंदना गुणगुणत होते आणि तीच रेकॉर्ड त्यांनी रेडिओग्रामवर लावायला सांगितली. त्यानंतर आपल्या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी उशाशी मागवून घेतली, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. तेल, पाय चेपणे आणि मंद सूर हे मात्र सांगत नाही. थकलेल्या देहाला विसावा लागतो, हे त्या महामानवानेही नाकारले नव्हते.

मी हे शहाणपण जन्मजात घेऊन आलेलो नाही. काही वर्षांपूर्वी ॲट्रॉसिटीच्या एका खटल्यात मी फिर्यादीच्या बाजूने धडपडत होतो. एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. आरोपी सुटले. त्यानंतर दोन महिने रात्री अडीच वाजता माझे डोळे टक्क उघडत आणि त्या म्हातारीची उलटतपासणी कानात पुन्हा सुरू होई. शेवटी ओळखीच्या औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या. कायदा शिकलेल्या माणसाने! २०१३ च्या अधिसूचनेने अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे 'एच-१' अनुसूचीत टाकली आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. हे मला पाठ होते. तरी मी गोळी घेतली, सकाळी जड डोक्याने कोर्टात उभा राहिलो आणि तारीख विसरलो. तेव्हा शुद्धीवर आलो.

एका डॉक्टर मित्राने जे शिकवले, त्यात एका पैशाचा खर्च नाही. माणूस धोक्यात असला की शरीर पहाऱ्यावर उभे राहते. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, श्वास उथळ होतो. आपल्या लोकांचे शरीर तर पिढ्यान्‌पिढ्या पहाऱ्यावर आहे. 'झोप' असा हुकूम दिल्याने हा पहारा उठत नाही. त्याला शरीराच्याच भाषेत सांगावे लागते. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांब ठेवायचा. घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. ओढाताण नको, कोंडून धरणे नको. पाच-सात मिनिटे पुरतात.

दुसरी रीत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरची. १९२९ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे, की ताठरलेला स्नायू सैल कसा करायचा हेच माणूस विसरतो, म्हणून आधी तो मुद्दाम आवळायचा. पायाची बोटे पाच-सहा सेकंद घट्ट आवळा आणि एकदम सोडून द्या. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, शेवटी जबडा आणि कपाळ. सोडल्यावर जो सैलपणा येतो तिकडे लक्ष ठेवायचे. वकिलांनी जबडा विशेष सोडावा! दिवसभर तो आम्ही दुसऱ्यांसाठी आवळलेला असतो.

पाय गार असतील तर झोप लांबते. आजी हिवाळ्यात गरम पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून बसायची, ते अडाणीपण नव्हते. पाय गरम झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि गाभा जरा थंड झाला की झोप येते. झोपण्याआधी तास-दोन तास गरम पाण्याने आंघोळ केली तरी तोच परिणाम.

आणि डायरी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने २०१८ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. निजण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याची कामे कागदावर लिहिणारे तरुण, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटे लवकर झोपले. डायरीत तारीख लिहिली की डोक्यातून ती उतरते, हे आम्हा वकिलांना वेगळे सांगायला नको. एवढे करूनही वीसएक मिनिटांत डोळा लागला नाही, तर अंथरुणात तळमळू नका. उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे वाचा, पेंग आली की परत या. नाहीतर अंथरूण म्हणजे जागण्याची जागा, अशी मनाला सवय लागते. दुपारनंतर चहा कमी करा. बैठकीतला रात्रीचा चहा तर बंदच करा. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण उत्तररात्री तीच झोप मोडते.

आता आनापानाविषयी. विपश्यनेवरून आपल्यात वाद आहेत, त्यात आज मी शिरत नाही. तथागतांनी श्वासावरची सजगता जागे होण्यासाठी शिकवली, झोपण्यासाठी नाही. सुस्ती आणि पेंग यांना तर त्यांनी साधनेतले आवरण म्हटले आहे. त्यामुळे विहारात ध्यानाच्या वेळी घोरणाऱ्यांनी या लेखाचा आधार घेऊ नये. पण मैत्रीभावनेचे जे अकरा लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत, त्यातले पहिले तीन झोपेचेच आहेत. तो सुखाने झोपतो, सुखाने उठतो, त्याला वाईट स्वप्ने पडत नाहीत.

इथे माझी खरी अडचण झाली. त्या सुटलेल्या आरोपींविषयी मैत्री? कशी? बरेच दिवस जमले नाही. सुरुवात मी त्या म्हातारीपासून केली, मग फितूर झालेल्या साक्षीदारांपर्यंत आलो. त्यांच्या मुलांच्या मजुरीची दोरी कुणाच्या हातात होती, हे मला ठाऊक होते. आरोपींपर्यंत मी अजून पोहोचलेलो नाही. पण वरच्या कोर्टातल्या अपिलाचे कागद तयार करायला मदत केली, तेव्हा माझा हात थरथरत नव्हता. मैत्री म्हणजे माफीनामा नव्हे आणि खटला मागे घेणेही नव्हे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी मैत्रीला करुणेच्याही पुढे नेले, ते काही शरण जाण्यासाठी नाही.

त्याच अंगुत्तर निकायात आळवीच्या हत्थकाचा प्रसंग आहे. कडाक्याची थंडी, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली जमीन, पाल्याचे पातळ अंथरूण. तो तथागतांना विचारतो, झोप लागली का? तथागत सांगतात, सुखाने झोपणाऱ्यांपैकी मी एक आहे. राग-द्वेषाने जळणाऱ्याला महालातल्या गादीवरही झोप नाही. याचा अर्थ गरिबाने फाटक्या गोधडीवर समाधान मानावे, असा कुणी काढू नये. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण झोपतात, नळाला पहाटे साडेतीनला पाणी येते आणि ते भरायला घरातली बाईच उठते. तिला श्वास मोजायला सांगण्याआधी नवऱ्याने हंडा उचलावा. रात्रपाळीच्या सफाई कामगाराला आणि वॉचमनला दिवसा अंधारी, शांत खोली कोण देणार?

झोप हा हक्क आहे, हे मी नाही, न्यायालये म्हणतात. जून २०११ मध्ये रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांवर मध्यरात्री पोलीस कारवाई झाली. त्या प्रकरणी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोपेला अनुच्छेद २१ च्या जगण्याच्या हक्काशी जोडले. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईडीला रात्रभर जबाब नोंदवण्यावरून सुनावले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद असतात आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दुसऱ्यांच्या मिरवणुकीबद्दल आपण तक्रार करतो, करावीच. पण आपल्या जयंतीच्या डीजेपुढे वस्तीतले तान्हे मूल आणि परीक्षेचा विद्यार्थी जागे असतात, तेव्हा आपण काय करतो?

एक सावधगिरी. महिनाभर झोप नसेल, जगणे नकोसे वाटत असेल किंवा घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांकडे जा, श्वास मोजत बसू नका. रोज गोळी घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, त्याने त्रास वाढतो.

आमच्या शाखेची बैठक रात्री नऊऐवजी सायंकाळी सहाला घ्यावी, असा ठराव मी गेल्या महिन्यात मांडला. त्यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा झाली आणि तो पुढील बैठकीवर ढकलण्यात आला.