आईने पोस्ट काढायला लावली, त्याची गोष्ट

6 ऑक्टोबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने एका वकिलाने बूट भिरकावायचा प्रयत्न केला. त्या रात्री मी फेसबुकवर आठ-दहा ओळी लिहिल्या. सकाळी सोलापूर जिल्ह्यातल्या गावाहून आईचा फोन आला. चुलतभावाने तिला पोस्ट वाचून दाखवली होती. "काढून टाक ती. फेलोशिप बंद केली तर काय करशील? आधी नावापुढं डॉक्टर लागू दे, मग बोल काय बोलायचं ते." म्हैसूरच्या विजयनगरमधल्या भाड्याच्या खोलीत उभ्या-उभ्याच मी ती पोस्ट काढून टाकली.

नोटीस आली नव्हती, पोलीस आले नव्हते, गाइडही काही बोलले नव्हते. एका अंगणवाडी मदतनीस बाईच्या काळजीने ते काम परस्पर करून टाकलं. समाजशास्त्राच्या वर्गात मी सत्ता आणि संमती यावर सेमिनार दिलाय, त्यात आईचा फोन कुठेच नव्हता.

आणि आई चुकीचं बोलत नव्हती. मुंबईच्या टिसमधल्या रामदास प्रिनी शिवानंदन या दलित संशोधकाचं प्रकरण आपल्यातल्या बहुतेकांना माहीत असेल. जानेवारी 2024 मध्ये तो दिल्लीत नव्या शैक्षणिक धोरणाविरुद्धच्या विद्यार्थी मोर्चात गेला. 'राम के नाम' हा माहितीपट बघा, असं सोशल मीडियावर लिहिलं. एप्रिलमध्ये दोन वर्षांचं निलंबन हातात पडलं, कॅम्पसमध्ये पाऊल ठेवायलाही बंदी. मोर्चाच्या बॅनरमुळे ती राजकीय मतं संस्थेचीच असल्याचा समज झाला, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्याची याचिका फेटाळली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीएचडी पूर्ण करता यावी म्हणून निलंबन तोवर भोगलेल्या काळापुरतं मर्यादित केलं. म्हणजे तो परत आला, पण वर्षभर गेलंच. ज्यांच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापक आहेत त्यांचंही वर्ष जातं, नाही असं नाही. पण आपलं वर्ष जातं तेव्हा बहिणीची फी, घराचा पत्रा, वडिलांचं औषध सगळंच त्याच्याबरोबर जातं. आपली फेलोशिप हा घराचा पगार असतो. रोहित वेमुलाची फेलोशिप अडली होती, हे आपल्या आया विसरलेल्या नाहीत.

म्हणून देशात हुकूमशाही येते आहे का, या प्रश्नावर इंग्रजी वर्तमानपत्रांत जे लेख येतात ते वाचताना मला थोडं अवघडायला होतं. त्यात 1975 ची आणीबाणी ही एकमेव काळरात्र असते. विजयनगरच्या कडेने जाणारा हुणसूर रस्ता ज्या तालुक्यात पोचतो, तो देवराज अर्स यांचा तालुका. आणीबाणीत तेच इथले मुख्यमंत्री होते. कुळकायद्यातल्या 1974 च्या दुरुस्तीची अंमलबजावणी, हावनूर आयोगाचा अहवाल, कर्जमुक्तीचा कायदा, सगळं त्याच काळाच्या आगेमागे. वेठबिगारीबंदीचा केंद्राचा वटहुकूमही ऑक्टोबर 1975 चा. त्याच वेळी स्नेहलता रेड्डी बंगळूरच्या तुरुंगात दम्याने तडफडत होत्या, आणि सुटकेनंतर काही दिवसांतच, जानेवारी 1977 मध्ये गेल्या. आपल्याकडे नामदेव ढसाळांनी इंदिरा गांधींची बाजू घेतली. सावकाराच्या वहीतून ज्याचं नाव खोडलं गेलं त्याला आणीबाणी वाईट होती हे कसं सांगायचं, हा प्रश्न मी टाळणार नाही. गावात ज्यांना कायमच जमावबंदी होती त्यांना दिल्लीतली जमावबंदी वेगळी कशी वाटावी?

तरी ती वेगळी असते. का, ते याच शहरात घडलेल्या एका गोष्टीवरून मला कळलं. नोव्हेंबर 1973 मध्ये अर्स यांच्याच मंत्रिमंडळातले दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा म्हैसुरात म्हणाले की बरंचसं कन्नड साहित्य म्हणजे 'बूसा', जनावरांपुढे टाकायचा भुसा आहे. त्यावरून राज्यभर आग पेटली, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले आणि शेवटी बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावं लागलं. त्याच्या वर्षभर आधी आपल्याकडे राजा ढाले यांच्या 'साधना'तल्या लेखावरून असाच गदारोळ झाला होता, आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी 1974 मध्ये, मुंबईत भागवत जाधव मारले गेले. पण बूसा प्रकरणानंतर इथली दलित पोरं एकत्र आली, सभा भरवल्या, देवनूर महादेव, सिद्धलिंगय्या लिहीत राहिले, पुढे दलित संघर्ष समिती उभी राहिली. मारणारे होते, पण सभा भरवायला, पत्रक काढायला, कोर्टात जायला जागाही होती. आपण जे काही मिळवलं ते या फटीतून. आणीबाणीत कर्ज माफ झालं असेल, पण ते का माफ झालं नाही, असं विचारायची सोय राहिली नव्हती. देणाऱ्याने दिलं तेवढंच आपलं. ही फट बुजली की ज्यांच्याकडे ओळखी आहेत त्यांचं फार अडत नाही. आपलं अडतं.

आणि ती बुजते आहे. सुधीर ढवळे 2011 मध्ये पकडले गेले, 40 महिने तुरुंगात राहून 2014 मध्ये निर्दोष सुटले. 6 जून 2018 ला भीमा कोरेगाव प्रकरणात पुन्हा अटक. जानेवारी 2025 मध्ये जामिनावर बाहेर आले तेव्हा खटला सुरूही झाला नव्हता. साडेसहा वर्षं, आणि शिक्षा अशी कुणी सुनावलेलीच नाही. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे म्हणतात. पण त्यातल्या बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत लिहिलेले-बोललेले शब्द आणि खुणाही येतात, आणि कोणती संघटना बेकायदेशीर हे आधी सरकार ठरवणार. तुमच्या गावातल्या जयंती मंडळाला हे विधेयक वाचून दाखवा आणि त्यांना काय वाटतं ते विचारा.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत विभूतिपूजेबद्दल दिलेला इशारा आपण दरवर्षी फॉरवर्ड करतो. धर्मातली भक्ती आत्म्याला तारत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा अर्थ. आपण तो नेहमी समोरच्या पक्षाला ऐकवतो. आपल्या वस्तीतल्या चौकात वाढदिवसाचे जे फ्लेक्स लागतात, एकाच नेत्याच्या तीन गटांची तीन, त्यांच्यासमोर उभं राहून तो वाचायला हवा. आपल्या संघटनांत अध्यक्षाला प्रश्न विचारणाऱ्या पोरीचं काय होतं, हे मी पाहिलंय. त्यावर पुन्हा कधीतरी.

पोस्ट काढल्यावर आठवडाभर मला स्वतःची लाज वाटत होती. आता ती कमी झाली आहे, कारण एकटीने शहीद होण्यात मला रस नाही. आम्ही इथले पाच-सहा संशोधक रविवारी जमतो, दोघं कन्नड, एक तेलुगू, बाकी मराठी. विद्यापीठाने दिलेलं प्रत्येक पत्र, फेलोशिपचा प्रत्येक मेल, गाइडशी झालेलं बोलणं तारखेसकट जपून ठेवायचं, हे ठरवलंय. लिहायचं ते सगळ्यांच्या सह्यांनी. फेलोशिप थांबली तर पहिले तीन महिने काढता येतील म्हणून प्रत्येकी महिना 500 रुपये बाजूला टाकतो. फार नाही जमले अजून.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला रामदासची गोष्ट सांगितली. निलंबन, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, सगळं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. पोरगा परत शिकायला लागला म्हटल्यावर तिने ताट खाली ठेवलं.

"वकिलाचे पैसे कुणी भरले गं त्याच्या?"

मग मी तिला आमच्या 500 रुपयांचं सांगितलं. तिने फडताळातल्या डब्यातून दोनशेची नोट काढून दिली. पोस्टचं काही बोलली नाही.