हरवलेली कोंबडी आणि हरवलेले मन

चीनचा विषय निघाला आणि कोणी कन्फ्यूशियसचे नाव घेतले, की आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ एक ठरीव शेरा मारतात : "तो होय! वडिलांपुढे वाका, राजापुढे वाका, आणि वाकताना पायघोळ अंगरख्याची घडी मोडू देऊ नका, असे सांगणारा म्हातारा!" शेरा मारणाऱ्याने मूळ ग्रंथाचे एक पानही उलटलेले नसते, हे सांगावयास नकोच. ऐन दिवाळीत, फराळाची ताटे समोर असताना भांडण उकरून काढू नये हे मलाही कळते. तरीपण या शेऱ्याशी मला आज भांडावयाचे आहे. तो नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता. पण तो अन्यायाचा आहे, आणि त्या अन्यायात आपलाच तोटा आहे.

प्रथम एक शब्द पाहू. चिनी भाषेत 'शिन्' म्हणून एक शब्द आहे. त्याचे अक्षर मुळात हृदयाचे चित्र. परंतु हे हृदय नुसते कळवळत नाही, ते विचारही करते; बरेवाईट तेच ठरविते. इंग्रजी शिकलेल्या आपल्या मंडळींनी भावना एका खणात आणि बुद्धी दुसऱ्या खणात ठेवण्याची सवय लावून घेतली. पण घरातली आजी "माझं मन मला सांगतंय" असे म्हणते, तेव्हा ती विचाराविषयी बोलते की भावनेविषयी? दोन्हींविषयी. आपला 'मन' हा शब्द त्या 'शिन्'च्या पुष्कळच जवळचा आहे. तेव्हा ही शिकवण समजावयास आपल्याला फार लांब जावयास नको.

आता ज्या कर्मकांडाबद्दल कन्फ्यूशियसला (इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९) हिणवले जाते, त्याचीच गोष्ट घेऊ. आईबाप वारल्यावर तीन वर्षे सुतक पाळावे, अशी तेव्हाची रीत. त्साय वो नावाच्या शिष्याने हुज्जत घातली, की एक वर्ष पुष्कळ झाले. गुरू कडक कर्मठ असता तर त्याने नियम तोंडावर फेकला असता. याने उलट विचारले, की वर्षभरानंतर चांगला भात खाताना आणि रेशमी वस्त्र नेसताना तुला स्वस्थ वाटेल काय? शिष्य म्हणाला, वाटेल. मग तसे कर, एवढेच गुरू बोलला. शिष्य निघून गेल्यावर मात्र तो हळहळला. जन्मल्यावर तीन वर्षे मूल आईबापांच्या अंगाखांद्यावर असते. ते या मनुष्याला आठवूच नये?

कोणी म्हणेल, शेवटी बोल लावलाच ना? लावला; पण कशाबद्दल? नियम मोडल्याबद्दल नव्हे. मन बधिर झाल्याबद्दल. विधी हे मनाचे अंगवस्त्र. आत मनच नसेल तर वस्त्र कोणाच्या अंगावर घालावयाचे, हा त्या म्हाताऱ्याचा प्रश्न होता.

परंतु इथेच एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून चालणार नाही. त्साय वोच्या मनाने तर "स्वस्थ वाटेल" असाच कौल दिला होता. मग मनावर विसंबावे कसे? या प्रश्नाचे उत्तर कन्फ्यूशियसनंतर शंभराहून अधिक वर्षांनी झालेल्या मेन्शियसने एका बैलाच्या गोष्टीतून दिले.

छी राज्याचा राजा दरबारात बसला असता खालून एक बैल ओढून नेताना त्याला दिसला. नवी घंटा झाली होती आणि तिला बळीचे रक्त माखावयाचे होते. बैल थरथरत होता. राजाला ते बघवेना. त्याने बैल सोडावयास लावला आणि त्याऐवजी मेंढी घ्या म्हणून सांगितले. लोक म्हणाले, राजा कंजूष! मेन्शियसने मात्र त्याची बाजू घेतली : महाराजांनी बैल पाहिला होता, मेंढी पाहिली नव्हती, एवढाच फरक. राजा खूष झाला. आणि नेमक्या त्या क्षणी मेन्शियसने टोला हाणला. महाराजांची दया जनावरापर्यंत पोचते, मग ती प्रजेपर्यंत का पोचत नाही? जमत नाही म्हणून नव्हे. महाराज करीत नाहीत म्हणून.

या शिकवणीतील आत्मसंस्कार तो हाच. डोळे मिटून बसणे नव्हे, की पाठांतरही नव्हे. जे मन दिसलेल्या बैलासाठी हलते, ते न दिसलेल्या मेंढीपर्यंत आणि तिथून माणसांपर्यंत नेऊन पोचविणे. आपल्या मुलाला फटाक्याचा चटका बसला तर सारे घर धावते. तो फटाका ज्या मुलाच्या हातांनी वळला असेल त्याच्यापर्यंत आपले मन जाते काय? जात नसेल, तर ते जन्मतःच दगडाचे आहे असे मेन्शियस म्हणणार नाही. त्याने उदाहरण दिले ते एका उघड्याबोडक्या डोंगराचे. त्यावर एके काळी रान होते. कुऱ्हाडींनी झाडे नेली, नवे कोंब गुरांनी खाल्ले. आणि आता पाहणारे समजतात, की इथे कधी झाड नव्हतेच.

म्हणून "माझे मन साफ आहे, मला आचाराची गरज काय?" असे म्हणणाऱ्यांनाही या शिकवणीत आसरा नाही. कोंब आहे म्हणजे झाड आहे असे नव्हे. त्याला राखावे लागते. आणि घाईही उपयोगाची नाही. मेन्शियसच्याच एका गोष्टीतला शेतकरी रोपे वाढत नाहीत म्हणून एकेक वर ओढून आला आणि थकून घरी सांगू लागला, की आज पिकाला फार मदत केली! मुलांना संस्कार लावावयास निघालेल्या आपणा सर्वांना हा शेतकरी ओळखीचा वाटावा.

आणि राजापुढे वाकण्याचे म्हणाल, तर मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट तुमच्या मताचा नव्हता. प्रजा आधी आणि राजा शेवटी, असे सांगणारा मेन्शियस त्याला इतका झोंबला, की १३९४ साली त्याने त्या ग्रंथातील ८५ उतारे गाळून टाकविले. लाचार ग्रंथाला कात्री लागत नसते. वांग यांगमिंगने १५०६ साली दरबारातील बलाढ्य खोजाविरुद्ध अर्ज केला. फटके खाल्ले आणि दूर क्वेचौच्या डोंगराळ मुलखात हद्दपारी पत्करली. जाणणे आणि करणे ही दोन नाहीत, जो करीत नाही त्याने जाणलेच नाही, हे तो पुढे शिकवू लागला तेव्हा त्याची किंमत मोजून झालेली होती.

मात्र विरुद्ध बाजूचा पुरावा मी लपविणार नाही. १३१३ साली चू शी या पंडिताची भाष्ये सरकारी परीक्षेला लागली आणि १९०५ साली परीक्षाच बंद होईपर्यंत मनाचे शास्त्र हे नोकरीचे साधन होऊन बसले. त्या तत्त्वांच्या नावाने विधवा, सुना आणि धाकटे भाऊ भरडले गेले. कायद्याने मेलेल्याची निदान कीव तरी येते, तत्त्वाने मेलेल्याची तीही येत नाही, असा संताप अठराव्या शतकात दाय चन् याने व्यक्त केला. १९१८ साली लू शुनने आपल्या 'वेड्याची रोजनिशी' या कथेत त्या नीतिग्रंथांच्या ओळींमधून नरभक्षणच वाचले. हे आरोप खरे आहेत. पण दाय चन् कोणाच्या आधाराने भांडत होता? मेन्शियसच्याच! घरच्या दुखण्यावरचे औषध त्याला घरातच सापडले होते.

१९६६ साली चूफू गावी तरुणांच्या टोळ्यांनी कन्फ्यूशियसच्या मंदिराची आणि दफनभूमीची मोडतोड केली; २००४ पासून त्याच म्हाताऱ्याच्या नावाने चीन सरकारने देशोदेशी संस्था काढल्या. फोडणाऱ्यांनी मूर्ती फोडली, मिरवणाऱ्यांनी मूर्ती मिरवली. मनाची चौकशी दोघांनीही केली नाही.

घरातली कोंबडी किंवा कुत्रे हरवले तर माणूस शोधावयास निघतो, मन हरवले तर निघत नाही, अशी मेन्शियसची जुनी तक्रार आहे. त्याच्या लेखी सारे शिक्षण म्हणजे हा शोध. तेव्हा पुढच्या वेळी कोणी तो ठरीव शेरा मारला, तर त्याच्याशी माझ्यासारखे लांबलचक भांडू नका. त्याला बैलाची गोष्ट सांगा. आणि मग हळूच विचारा, की त्या मेंढीचे काय झाले?