वाकडा जबडा : हेळसांड नको, घाईही नको



कामरेज भागात ऊसतोड सुरू झाली की डांग-खानदेशातून आलेल्या मजुरांचे पडाव पडतात. उसाने भरलेल्या गाडीवर पोरे चढतात आणि कधी हनुवटीवर आपटतात. हनुवटीला टाके पडतात, पण कानापुढचा जबड्याचा सांधा तपासायचा राहून जातो. आमच्या मते खरी हेळसांड ती हीच.

खालच्या जबड्याची वाढ बरीचशी या सांध्यापाशी होते. तेथे हाड मोडले तर ती बाजू खुंटू शकते आणि हनुवटी त्याच बाजूला वळते. लहानपणी अशा मोडीला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. मऊ अन्न व डॉक्टर सांगतील तो तोंड उघडण्याचा व्यायाम पुरतो. मात्र पुढे काही वर्षे तपासणी हवी. तोंड उघडेनासे झाले तर सांधा जखडला असेल. तेथे मोठे होण्याची वाट पाहू नये.

दुसरी चूक घाईची. सोयरीक जुळवायची म्हणून काही घरी लवकर शस्त्रक्रियेचा आग्रह होतो. वाढ चालू असता जबडा सरळ केला, तर तो पुन्हा वळू शकतो. म्हणून नेहमीची शस्त्रक्रिया मुलींत साधारण १६ व मुलांत १८ वर्षांनंतर करतात. एकच बाजू जादा वाढत असेल, तर ती वाढ थांबली का, हे आधी पाहावे लागते.

प्रथम वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लावतात. मग पूर्ण भूल देऊन तोंडाच्या आतूनच हाड कापतात, सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. झुरिचच्या डॉ. ह्यूगो ओब्वेगेसर यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. चेहऱ्यावर व्रण सहसा राहत नाही. पुढे सुमारे सहा आठवडे पेज, खिमट, वरण यांवर भागवावे लागते. खालचा ओठ बधिर होतो. बहुतेकांचा सुधारतो, काहींचा कायम राहतो. हे आधीच विचारून घ्यावे.

अहमदाबादचे सरकारी दंत महाविद्यालय व मुंबईचे नायर दंत महाविद्यालय येथे या कामाचे विभाग आहेत. घास नीट चावता येणे हा चैनीचा विषय नव्हे. तेव्हा लग्नाची तारीख नव्हे, जबड्याची वाढ पाहून निर्णय घ्या. आणि हनुवटीवर पडलेल्या पोराचा सांधा त्याच आठवड्यात दाखवा.