खाणीचा लाभांश

लहान खाण कंपनीने लाभांश नाकारला की भागधारक कुरकुरतात. परंतु खाण म्हणजे शेत नव्हे; काढलेले खनिज पुन्हा उगवत नाही. नव्या साठ्यांचा शोध, पाण्याचा उपसा, यंत्रसामग्री यांना पैसा लागतो, आणि लहान कंपनीस कर्जही सहज मिळत नाही. भाव कोसळले तर गंगाजळीच तारते. तेव्हा नफा राखणे हा गुन्हा नव्हे.

मात्र राखलेल्या पैशाचा चोख हिशेब संचालकांनी दिलाच पाहिजे. गैरव्यवस्थेपायी सोलापूरची जुनी गिरणी १९४९ साली बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारला वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घ्यावा लागला. लाभांश चुकला तर भागधारकाची मिळकत घटते. कंपनी बुडाली तर कामगाराची चूल विझते.