वहीत नसलेला रकाना

राग चढताना शरीरात काय होतं ते आधी ओळखायचं: मुठी आवळतात, कान तापतात. मग दीर्घ श्वास, मग उलटे आकडे. भांडण झालंच तर वहीत नोंद. आर्नोल्ड गोल्डस्टीन आणि बॅरी ग्लिक यांनी १९८७ मध्ये मांडलेलं हे प्रशिक्षण न्यूयॉर्क राज्यातल्या सुधारगृहात, मुलग्यांवर अजमावलेलं होतं. पुढे तेच धडे मुलींकडूनही गिरवून घेतले जाऊ लागले.

धडे टाकाऊ नाहीत. वॉशिंग्टन राज्याच्या २००४ च्या मूल्यमापनात, प्रशिक्षक तयारीचे होते तिथे पुन्हा गुन्हा घडण्याचं प्रमाण घटलं. जेमतेम होते तिथे घटलं नाही. खुर्ची भिरकावली की कोठडीतला मुक्काम लांबतो, त्यामुळे दहा आकड्यांचा संयम मुलीच्याही कामाचाच.

पण ती आत आली कशी? ऑरेगॉनमधल्या एका पाहणीत बालन्यायव्यवस्थेतल्या ९३ टक्के मुलींनी शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार सोसल्याचं दिसलं. अशी मुलगी घरातून पळते. नुसत्या पळण्यासाठी तिला कोंडू नये, असं अमेरिकेचा १९७४ चा कायदा सांगतो. १९८० च्या दुरुस्तीने त्यालाच पळवाट ठेवली: ‘घर सोडू नकोस’ असा आदेश न्यायाधीशाने द्यायचा आणि ती पुन्हा पळाली की आदेशभंगासाठी आत टाकायचं. आत अंगझडती होते, रात्री दार बाहेरून लागतं. ती किंचाळते. वही विचारते: कुठे, काय झालं, किती चिडलीस, स्वतःला कसं सांभाळलंस? दोन वर्षांपूर्वी घरी काय घडलं, याला रकाना नाही.

समुपदेशकाच्या शेऱ्यावर सुटका अवलंबून असली की मुलगी लवकर शहाणी होते, शांत राहते. गप्प बसणं आणि बरं होणं कागदावर सारखंच दिसतं, आणि मला खरी भीती वाटते ती या यशाची.

आपल्याकडे मुझफ्फरपूरचं बालिकागृह तर कोठडीही नव्हतं, निराधार मुलींचा आसरा होता. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने केलेल्या पाहणीमुळे तिथले अत्याचार २०१८ मध्ये उघडकीला आले. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. त्यांत त्या गृहाची समुपदेशकही होती.