बारा वर्षांच्या नातवाची ‘बी टीम’ आणि आजीचं ब्लड प्रेशर

माझ्या एक जुन्या पेशंट आजी आहेत. गेली आठ वर्षं बीपीची एकच गोळी, कधी वाढवावी लागली नाही. गेल्या महिन्यात आल्या तेव्हा बीपी १६०/९६. झोप लागत नाही म्हणाल्या. कारण विचारलं तर उत्तर आलं, “डॉक्टर, आमच्या नातवाला खालच्या टीममध्ये टाकलंय हो.”

नातू न्यू जर्सीत असतो, वय बारा. आजींनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. मुलाने फोनवर सांगितलेलं त्यांनी लिहून आणलं होतं : एका पावडरचं नाव, आणि खाली प्रश्न, ‘उंची वाढवायचं औषध तिकडे मिळतं का?’

गोळी मी वाढवली नाही. आठवडाभर घरी बीपी मोजून लिहून आणायला सांगितलं. पण या चिठ्ठीचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण परदेशात मुलं-नातवंडं असलेल्या आणखी दोन-तीन घरांतून असाच प्रश्न माझ्याकडे आला आहे.

आधी तिथली पद्धत समजून घेऊ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. तिथल्या क्लबांमध्ये दरवर्षी, बऱ्याच ठिकाणी मे-जूनच्या सुमारास, ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी होते. दोन-तीन संध्याकाळी मुलांना नंबर लावून मैदानावर सोडतात, लहान-लहान गटांत खेळवतात, प्रशिक्षक कडेला उभे राहून टिपणं घेतात. मग एक-दोन दिवसांत ईमेल येते : पहिली टीम, दुसरी टीम, की जागा नाही. होकार कळवायला मुदत थोडी आणि सोबत आगाऊ पैसे. क्लबमधल्या जुन्या मुलांना प्रशिक्षकांनी वर्षभर पाहिलेलं असतं, त्यामुळे बऱ्याच जागा मनात आधीच ठरलेल्या असतात. एखाद्या वर्षी गोलकीपरच हवा असतो, मग चांगला फॉरवर्डही बाहेर राहतो. आमच्या लहानपणी दोन कॅप्टन आळीपाळीने मुलं निवडायचे आणि शेवटी उरलेला मी असायचो. पण तो अपमान संध्याकाळपुरता होता. इथे तो वर्षभराचा असतो.

आता डॉक्टर म्हणून मला दिसतं ते सांगतो. तिथे अकरा-बारा वर्षांपर्यंतची मुलं नऊ विरुद्ध नऊ खेळतात. ‘अंडर थर्टीन’ला पोचली की मैदान मोठं, गोल मोठा आणि अकरा विरुद्ध अकरा. मोठ्या मैदानावर लांब पाय आणि जोरदार किक यांची किंमत एकदम वाढते. नेमक्या याच वयात मुलांच्या शरीरात सर्वांत जास्त फरक असतो. मुलग्यांच्या उंचीचा झपाटा सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो (मुलींचा बाराव्याच्या), पण कोणाचा बाराव्या वर्षी तर कोणाचा पंधराव्या. झपाट्याच्या वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटर सहज वाढतो. बारा वर्षांचा १३७ सेंटिमीटरचा मुलगा नॉर्मल असू शकतो आणि १६२ चाही. दोघांच्या मनगटाचे एक्स-रे काढले तर हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचा फरक दिसू शकतो. कागदावर मात्र दोघे एकाच वयोगटात.

त्यात जन्मतारखेची भर. वयोगट कॅलेंडर वर्षाप्रमाणे धरला तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो. कॅनडातल्या आइस हॉकीत निवडलेल्या खेळाडूंमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते, हे रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकातच दाखवलं होतं. नंतर फुटबॉलमध्येही तेच पुन्हा पुन्हा दिसलं. मोठा मुलगा निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि तगडे सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी तो खरोखरच पुढे गेलेला असतो. मग सगळे म्हणतात, बघा, आमची निवड बरोबर होती!

हॅरी केनचं उदाहरण बोलकं आहे. इंग्लंडमध्ये वयोगट १ सप्टेंबरपासून धरतात. केनचा जन्म २८ जुलै १९९३चा, म्हणजे गटातल्या सर्वांत लहान मुलांपैकी एक. आर्सेनलच्या अकादमीने त्याला आठ-नऊ वर्षांचा असताना एका हंगामानंतर सोडून दिलं. आज इंग्लंडकडून सर्वाधिक गोल त्याच्या नावावर आहेत. प्रत्येक नाकारलेला मुलगा केन होत नाही, हे उघड आहे. पण आठव्या वर्षी केलेलं भाकीत किती कच्चं असतं, ते यातून कळतं.

आजींच्या नातवाची गंमत तर पुढेच आहे. त्याचा जन्म नोव्हेंबर २०१३चा. २०२५-२६च्या हंगामाला कॅलेंडर वर्ष लागू होतं, म्हणून तो २०१३च्या मुलांमध्ये जवळजवळ सर्वांत लहान ठरला. २०२६-२७पासून तिथल्या बहुतेक मोठ्या युवा संघटना १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा वयोगट धरणार आहेत. त्यांचा क्लबही त्यातच आहे. म्हणजे पुढच्या ट्रायआउटला हाच मुलगा गटातल्या मोठ्यांपैकी एक असेल. पाय तेच, डोकं तेच, बदलली ती फक्त तारीख. आणि आता जुलैमध्ये जन्मलेल्या कोणाच्या तरी आजीचं बीपी वाढेल.

मी प्रशिक्षकांना दोष देत नाही. तीन संध्याकाळी, ऐंशी मुलं, अठरा जागा, आणि सामने हरले तर पालक क्लब बदलतात. सारख्या ताकदीची मुलं एकत्र खेळावीत यातही गैर काही नाही. पहिल्या टीममध्ये बाकावर बसण्यापेक्षा दुसऱ्या टीममध्ये पूर्ण सामना खेळणं मुलासाठी कधीही चांगलं. माझा आक्षेप आहे तो बाराव्या वर्षीच्या या वाटणीला चांगला प्रशिक्षक, चांगली लीग आणि पुढची संधी बांधून टाकण्याला. ही कायमची वाटणी झपाटा संपेपर्यंत थांबवता येते. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळे संघ ठेवले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने मुलांना वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार गटात घालून सामने खेळवून पाहिले. त्याचा फायदा मोठ्या मुलांनाही होतो. ताकदीवर जिंकायची सवय लागलेला मुलगा कौशल्य शिकत नाही आणि सोळाव्या वर्षी बाकीचे उंचीने गाठतात तेव्हा अडकतो.

आता चिठ्ठीतला प्रश्न. उंची वाढवणारी पावडर असं काही नसतं. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, त्यात बहुतेक दूध पावडर, साखर आणि जीवनसत्त्वं असतात. ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं ठरावीक आजारांसाठी आहेत, टीम बदलण्यासाठी नाहीत. मुलाची साधारण अपेक्षित उंची काढायची तर आई-वडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करा, मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि दोनने भागा. या आकड्याच्या आठ-नऊ सेंटिमीटर वर-खाली चालतं. दर सहा महिन्यांनी भिंतीला टेकवून उंची मोजा. वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटली. बोलता बोलता आजी म्हणाल्या की नातू सकाळी लंगडतो, टाच दुखते, पण “कोचला सांगू नका” म्हणतो. या वयात टाचेचं हाड वाढत असतं आणि पोटरीचा घट्ट स्नायू वाढीच्या जागेवर ओढ देतो. याला सेव्हर्स म्हणतात. काही दिवस धावणं कमी करणं, बर्फ, पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम आणि बुटात मऊ टाच एवढ्याने बहुतेक मुलं बरी होतात. दुखणं लपवून खेळलं की ते महिनोन्‌महिने रेंगाळतं. म्हणून मुलाला दाखवून घ्यायला सांगितलं. आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण सुट्टी आणि वर्षातून एकूण दोन-तीन महिने त्या खेळापासून विश्रांती, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाच सल्ला आहे. पण जागा जाईल या भीतीने तो पाळणारी घरं फार थोडी.

काल आजी वही घेऊन आल्या. घरचे आकडे १३५ ते १४०च्या आत. नातवाची टाच तपासून झाली, सेव्हर्सच निघालं, तीन आठवडे आराम. पावडर मागवली नाही.

“मग पुढच्या मे महिन्यात वरच्या टीममध्ये जाईल ना?” त्यांनी उठता उठता विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही,” मी म्हणालो. “तुमची गोळी मात्र आहे तीच चालू ठेवा.”