जिवंत शार्कची किंमत

समुद्राकाठची सुटी म्हटली की आपल्याला आठवतो तो किनारा. वाळू, शहाळे, संध्याकाळचा वारा आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून काढलेला फोटो. समुद्र तसा लांबच राहतो. आठवडाभर बोटीवरच मुक्काम करायचा, पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून दिवसातून तीनदा पाण्याखाली उतरायचे, ही कल्पना आपल्या घरांत अजूनही श्रीमंतांचे खूळ ठरते. ती सुटी महाग आहे, हे खरेच. पण मालदीवमध्ये असा एक आठवडा काढल्यावर माझे मत झाले आहे की, तिच्यातून जे शिकायला मिळते ते नुसते चैनीच्या खात्यात मांडता येणार नाही.

मालदीव ही सुमारे बाराशे बेटे. आपले लक्षद्वीप ज्या बुडालेल्या डोंगररांगेवर आहे, तीच रांग दक्षिणेकडे जाते आणि तिच्यावर ही बेटे आहेत. जमीन इतकी सखल की सर्वांत उंच नैसर्गिक जागाही अडीच मीटरच्या आत! सारी बेटे प्रवाळांची, म्हणजे चिमुकल्या जिवांनी चुन्याचे सांगाडे रचत रचत उभी केलेली. प्रवाळ मेले तर बेटांचा तटच ढासळला. तिथल्या माणसाला पर्यावरण हा शब्द शिकवावा लागत नाही.

तिथे अशा बोटीला सफारी बोट म्हणतात. राहणे-जेवणे तिच्यावर, सिलिंडर आणि हवा भरायचे यंत्र मात्र ‘धोनी’ नावाच्या दुसऱ्या बोटीवर. पहाटेची बुडी आटोपून आले की न्याहारीला टूना मासा, ओले खोबरे, कांदा आणि मिरची कालवलेले ‘मस हुनी’ आणि सोबत रोशी. कोकणी माणसाला परके वाटू नये असेच ते ताट असते. प्रत्येक बुडीआधी शाळेसारखा वर्ग भरतो. दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. म्हणून श्वास कधी रोखायचा नाही, वर येताना घाई करायची नाही, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. पर्यटकांनी तीस मीटरपेक्षा खोल जायचे नाही, हा तर तिथला कायदाच आहे. वाहत्या प्रवाहापुढे कोणाचा हुद्दा चालत नाही, हे पाहून मला तरी बरे वाटले.

आणि मग दिसतो मांटा. आपल्या पाकटाच्या कुळातला, पण पंख चांगले तीन-चार मीटरांचे. तो ठरावीक खडकावर येऊन तरंगत राहतो आणि बोटभर मासे त्याच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात. आपण हात आवरून कडेला बसायचे. पुढे सरसावलात की तो निघून जातो. पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे, हा धडा याहून सोप्या रीतीने कोणी देऊ शकेल असे मला वाटत नाही.

आता पैशांची गोष्ट. मालदीवमध्ये १९९३ मध्ये शार्कच्या मासेमारीचा हिशेब मांडला गेला. मारलेल्या एका शार्कचे कोळ्याला सुमारे ३२ डॉलर मिळत. पण पाणबुड्यांच्या सर्वांत आवडत्या जागी जिवंत असलेल्या एका शार्कमुळे वर्षाला सुमारे ३३,५०० डॉलरची कमाई होत होती. जिवाची अशी किंमत लावणे मनाला पटत नाही. पण न पटणाऱ्या या आकड्यानेच काम केले. १९९५ मध्ये बुड्यांच्या काही निवडक जागांना संरक्षण मिळाले आणि २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर देशभर बंदी आली. माझा आग्रह इतकाच की, ज्या कोळ्याने गळ आवरला त्याच्या घरापर्यंत ती कमाई पोचली पाहिजे. नाहीतर संवर्धनाचा भार गरिबावर आणि मौज आपली, असे होईल.

पर्यटक आला की निसर्ग वाचतो, असा मात्र याचा अर्थ नव्हे. हनिफारू नावाच्या छोट्या उपसागरात पावसाळ्यात मांटांची जत्रा भरते. तिथे माणसांचीही जत्रा होऊ लागली, तेव्हा सिलिंडर घेऊन उतरायला बंदी घालावी लागली. आता फक्त वरवर पोहून पाहायचे. पर्यटकाला ‘इथवरच’ असे सांगण्याची हिंमत हवी.

त्याहून मोठे संकट कोणत्याही बोटीच्या नियमात बसत नाही. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या अंगातले, त्यांना अन्न पुरवणारे शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरेफटक पडतात. १९९८ मध्ये मालदीवच्या उथळ पाण्यातले बहुतेक प्रवाळ असेच मेले. कसेबसे सावरताहेत तोवर २०१६ आले, आणि २०२४ मध्ये पुन्हा जगभर तीच लाट. तिथवर आपल्याला नेणारे विमानही याच उष्णतेत भर घालते. म्हणून दरवर्षी धावत सुटण्यापेक्षा एकदाच जावे, निवांत राहावे आणि डोळे भरून पाहावे, असे मी म्हणेन.

मालदीव परवडले नाही तरी मालवण आहेच. तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि आज स्कुबासाठी पर्यटकांची रीघ लागते. मुलांना घेऊन जाल तेव्हा दर विचाराच. पण आणखी तीन प्रश्न विचारा. एका प्रशिक्षकामागे पाण्यात माणसे किती? नांगर प्रवाळांवर तर पडत नाही? मासे गोळा करायला पाव तर टाकत नाही? गिऱ्हाईक विचारू लागले की धंदा सुधारतो. भाजीवाल्याकडे आपण हे रोज करतोच. समुद्राच्या बाबतीत तेवढी चिकित्सा का नको?